एका तासाचा अंधार आणि वर्षभराची बचत

दरवर्षी मार्च महिन्याच्या उत्तरार्धातील एका शनिवारी रात्री साडेआठ ते साडेनऊ या वेळेत जगभरातील अनेक शहरांत दिवे मालवले जातात. ‘अर्थ अवर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपक्रमात दिल्लीतील इंडिया गेट आणि राष्ट्रपती भवन यांसारख्या वास्तूंची रोषणाईही तासभर बंद ठेवली जाते. त्यानंतर किती मेगावॉट विजेची बचत झाली, याचे आकडे प्रसिद्ध होतात. दिल्लीत या तासात २०२४ मध्ये २०६ मेगावॉटने, तर २०२५ मध्ये २६९ मेगावॉटने विजेची मागणी घटल्याचे वीज वितरण कंपन्यांनी सांगितले होते.

हे आकडे प्रथमदर्शनी मोठे वाटतात. मात्र ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या बिलात विजेचा वापर मेगावॉटमध्ये नव्हे, तर युनिटमध्ये मोजलेला असतो. या दोन मापांतील फरक लक्षात घेतला, की प्रतीकात्मक बचत आणि टिकाऊ बचत यांतील अंतरही स्पष्ट होते.

उपक्रमाची सुरुवात

अर्थ अवरचा प्रारंभ ३१ मार्च २००७ रोजी ऑस्ट्रेलियातील सिडनी शहरात झाला. जागतिक निसर्ग निधी अर्थात डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने केलेल्या आवाहनाला सुमारे २२ लाख नागरिकांनी प्रतिसाद दिल्याचे आयोजकांनी जाहीर केले. पुढच्याच वर्षी हा उपक्रम अन्य देशांत पोहोचला आणि २००९ मध्ये भारतही त्यात सहभागी झाला.

या तासात प्रत्यक्षात किती वीज वाचते, याचा अभ्यासही झाला आहे. दहा देशांतील, सहा वर्षांच्या काळातील २७४ नोंदींची छाननी करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधानुसार, त्या तासापुरता विजेचा वापर सरासरी चार टक्क्यांनी कमी झाला होता. आयोजकांनीही वेळोवेळी स्पष्ट केले आहे, की हवामान बदलाकडे लक्ष वेधणे हा या उपक्रमाचा मुख्य हेतू असून त्या एका तासातील वीजबचत हे त्याचे उद्दिष्ट नाही.

मेगावॉट आणि युनिट

मेगावॉट हे एखाद्या क्षणी किती वीज वापरली जात आहे, याचे माप आहे. युनिट म्हणजे किलोवॉट-तास. एक हजार वॉटचे उपकरण एक तास चालले, की एक युनिट वीज खर्च होते. रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीचा वेग आणि तिने कापलेले अंतर यांत जो फरक आहे, तोच मेगावॉट आणि युनिट यांत आहे. वेग कितीही असला, तरी प्रवास किती वेळ चालला हे कळल्याशिवाय अंतर सांगता येत नाही.

दिल्लीतील २६९ मेगावॉटची घट तासभर कायम राहिली असे मानले, तर वाचलेली वीज २ लाख ६९ हजार युनिट इतकी होते. याच शहरात १९ जून २०२४ रोजी विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली होती. त्या पातळीवर एका तासाला सुमारे साडेशहाऐंशी लाख युनिट वीज लागते. म्हणजे मार्चमधील एका रात्री जे वाचले, ते जूनमधील अशा एका तासाच्या गरजेच्या जेमतेम तीन टक्के ठरते.

एका घराचा हिशेब आणखी बोलका आहे. नऊ वॉटचे चार एलईडी दिवे तासभर बंद ठेवले, तर ०.०३६ युनिट वीज वाचते. भारतातील वीजनिर्मितीतून प्रत्येक युनिटमागे सरासरी ०.७ किलोग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड वातावरणात जातो. या दराने चार दिव्यांचा एक तास म्हणजे सुमारे २५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची बचत. त्याच वेळी घरात मेणबत्त्या लावल्या, तर चित्र पालटते. साधी मेणबत्ती तासाला सुमारे सहा ग्रॅम मेण जाळते आणि खनिज तेलापासून केलेले मेण जळताना त्याच्या वजनाच्या तिपटीहून किंचित अधिक कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दोन मेणबत्त्या जळल्या, की चार दिव्यांची बचत पुसली जाते.

नऊ मिनिटांचा धडा

लाखो घरांतील दिवे एकाच क्षणी बंद झाल्यास वीजयंत्रणेवर काय परिणाम होतो, याचा अनुभव देशाने ५ एप्रिल २०२० रोजी घेतला. करोना साथीच्या टाळेबंदीत एकजुटीचे प्रतीक म्हणून रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे मालवण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते. त्यामागे वीजबचतीचा हेतू नव्हता. मात्र राष्ट्रीय ग्रिडचे संचालन करणाऱ्या संस्थेला त्यासाठी मोठी पूर्वतयारी करावी लागली.

विजेचा साठा मोठ्या प्रमाणावर करता येत नसल्याने कोणत्याही क्षणी जेवढी मागणी, तेवढीच निर्मिती असावी लागते. हा समतोल ग्रिडच्या वारंवारतेवरून कळतो आणि भारतात ती ५० हर्ट्झच्या जवळ राखली जाते. मागणी अचानक घटली, तर वारंवारता वाढते. ती मर्यादेपलीकडे गेल्यास संच बंद पडून मोठ्या भूभागाचा वीजपुरवठा खंडित होऊ शकतो.

त्या रात्री १२ ते १४ हजार मेगावॉटची घट अपेक्षित होती. प्रत्यक्षात देशाची मागणी सुमारे १ लाख १७ हजार मेगावॉटवरून ३१ हजार मेगावॉटहून अधिक प्रमाणात खाली आली. हा धक्का मुख्यतः जलविद्युत केंद्रांनी पेलला. पाण्यावर चालणारी जनित्रे काही मिनिटांत कमी-अधिक करता येतात. महाराष्ट्रातील १,९६० मेगावॉट क्षमतेच्या कोयना प्रकल्पाचे महत्त्व याच गुणामुळे आहे. त्या रात्री देशातील जलविद्युत निर्मिती सुमारे २५ मिनिटांत १७,५०० मेगावॉटने घटवण्यात आली आणि दिवे पुन्हा लागताच ती वाढवण्यात आली. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ हर्ट्झ यांदरम्यान राहिली आणि ग्रिड सुरक्षित राहिले.

या घटनेतून एक तांत्रिक बाब अधोरेखित होते. कोळशावर चालणारी केंद्रे काही मिनिटांसाठी बंद करून लगेच सुरू करता येत नाहीत. बाष्पक तापलेला ठेवावाच लागतो. त्यामुळे अल्पकाळ घटलेल्या मागणीच्या प्रमाणात कोळसा वाचतोच असे नाही. शिवाय ३१ हजार मेगावॉटची घट पूर्ण नऊ मिनिटे राहिली असे धरले, तरी वाचलेली वीज साडेशेहेचाळीस लाख युनिटच्या आसपास जाते. त्या वेळच्या मागणीनुसार देशाला एवढी वीज अडीच मिनिटेही पुरली नसती. याउलट, घराघरांतील मागणी कायमची कमी झाली, तर तिचा अंदाज आधीच बांधता येतो, त्यानुसार निर्मितीचे नियोजन होते आणि इंधन खऱ्या अर्थाने वाचते.

दिवा दिसतो, गीझर दिसत नाही

वीजबचत म्हटले, की सर्वप्रथम दिवा डोळ्यांपुढे येतो. दिवा बंद केल्याचे लगेच दिसते आणि म्हणूनच प्रतीक म्हणून तो सोयीचा आहे. परंतु एलईडीच्या काळात घरातील विजेचा मोठा हिस्सा प्रकाशावर खर्च होत नाही. उष्णता निर्माण करणारी, थंडावा देणारी आणि सदैव चालू राहणारी उपकरणे खरी खर्चिक असतात.

वीस लिटरच्या एका बादलीतील पाणी २० अंश सेल्सिअसवरून ४० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे अर्धा युनिट वीज लागते. तेवढ्या विजेवर नऊ वॉटचा एलईडी दिवा ५० तासांहून अधिक काळ जळू शकतो. त्यामुळे हिवाळ्यात गीझर आंघोळीच्या थोडेच आधी लावणे, त्याचे तापमान गरजेपेक्षा अधिक न ठेवणे आणि काम होताच तो बंद करणे या सवयींतून होणारी बचत दिव्याच्या बचतीपेक्षा कितीतरी मोठी असते.

वातानुकूलन यंत्राबाबतही हेच म्हणता येईल. तापमान एक अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने म्हटले आहे. रात्रभरात आठ युनिट वीज घेणारे यंत्र २० ऐवजी २४ अंशांवर चालवले, तर या हिशेबाने रात्रीला जवळपास दोन युनिट वाचतात. उन्हाळ्याच्या शंभर रात्रींत ही बचत २०० युनिटच्या घरात जाते. वर्षातून एकदा तासभर चार दिवे बंद ठेवून तेवढीच वीज वाचवायची झाल्यास साडेपाच हजार वर्षे लागतील.

पंखा हे देशातील बहुतेक घरांतील सर्वाधिक काळ चालणारे उपकरण आहे. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो. बीएलडीसी प्रकारच्या मोटारीचा नवा पंखा ३० वॉटच्या आसपास चालतो. दिवसाला दहा तास आणि वर्षाला ३०० दिवस वापर धरला, तर एका पंख्यामागे सुमारे १३५ युनिट वाचतात. दिल्लीसारख्या शहरात एक लाख घरांनी प्रत्येकी एकच पंखा बदलला, तरी वर्षाकाठी १ कोटी ३५ लाख युनिटची बचत होईल. २०२५ च्या अर्थ अवरमध्ये दिल्लीत जेवढी वीज वाचली, तिच्या सुमारे पन्नासपट ही बचत आहे.

लक्षात न येणारा आणखी एक खर्च बंद वाटणाऱ्या उपकरणांचा असतो. रिमोटने टीव्ही बंद केला, तरी सेट-टॉप बॉक्स अनेकदा वीज घेतच राहतो. तो दहा वॉट वीज घेतो आणि दिवसातील वीस तास कोणी कार्यक्रम पाहत नाही असे मानले, तर वर्षाला ७३ युनिट वाया जातात. भिंतीवरचे बटण बंद करणे, हा त्यावरील बिनखर्चाचा उपाय आहे. इमारतीच्या गच्चीवरील टाकी भरून वाहू लागली, तर पाण्याबरोबर पंपाची वीजही वाहून जाते. इस्त्रीचे कपडे एकदमच उरकणे, फ्रीजच्या दाराचे रबर सैल झाल्यास बदलणे, गरम अन्न निवल्यावरच आत ठेवणे हे उपाय परिचित आहेत. त्यांचे मोल ते रोज पाळण्यात आहे.

निर्णय एकदा, लाभ रोज

रोज नव्याने आठवण ठेवावी लागते, ती सवय टिकणे अवघड असते. म्हणूनच ऊर्जा दक्षतेची धोरणे केवळ आवाहनांवर अवलंबून न राहता उपकरणांतच बदल घडवण्यावर भर देतात. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये संमत झाला आणि १ मार्च २००२ रोजी ऊर्जा दक्षता ब्युरोची स्थापना झाली. उपकरणांवरील ताऱ्यांच्या मानांकनाची योजना २००६ मध्ये सुरू झाली. प्रारंभी ती ऐच्छिक होती. पुढे टप्प्याटप्प्याने ती अनेक उपकरणांना बंधनकारक करण्यात आली. छताच्या पंख्यांसाठी हे बंधन जानेवारी २०२३ पासून लागू झाले. मानांकनाचे निकष वेळोवेळी कडक केले जात असल्याने लेबलवर ताऱ्यांबरोबरच मानांकनाचा कालावधी आणि वार्षिक वीजवापराचा आकडाही पाहणे हिताचे ठरते.

वातानुकूलन यंत्रांसाठी आणखी एक साधा नियम करण्यात आला. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताना आपोआप २४ अंशांवर सुरू होतील, अशी तरतूद करण्यात आली. ग्राहकाला तापमान बदलण्याची मुभा आहेच. परंतु काहीही न करणाऱ्याच्या घरीही बचत होते.

घरगुती वीजबचतीचे देशातील सर्वात मोठे उदाहरण एलईडी दिव्यांचे आहे. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेत पहिल्या दहा वर्षांत ३६ कोटींहून अधिक दिवे वितरित झाले. सरकारने घाऊक खरेदी केल्याने दिव्याची किंमत झपाट्याने खाली आली आणि खुल्या बाजारातही एलईडी दिवे स्वस्त झाले. या योजनेमुळे वर्षाला सुमारे ४,८०० कोटी युनिट वीज वाचते, असा सरकारी अंदाज आहे. येथे नागरिकांना अंधारात बसावे लागले नाही. जुना दिवा उतरवून नवा लावण्याची कृती एकदाच झाली आणि तिचा लाभ रोज संध्याकाळी मिळत राहिला.

स्वस्त प्रकाशाची दुसरी बाजू

तथापि, केवळ उपकरण बदलल्याने प्रश्न सुटतो असेही नाही. वाफेची यंत्रे कमी कोळशात अधिक काम करू लागल्याने कोळशाचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढतो, असे निरीक्षण इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी १८६५ मध्येच नोंदवले होते. घरातही या प्रवृत्तीची छोटी आवृत्ती आढळते. ‘एलईडीच तर आहे’ असे म्हणून व्हरांड्यातील दिवा रात्रभर जळत राहतो. पाच ताऱ्यांचे वातानुकूलन यंत्र घेतल्यावर ते दोन तास अधिक चालवले जाते. जुना फ्रीज मोडीत न काढता पाण्याच्या बाटल्यांसाठी दुसऱ्या खोलीत सुरू ठेवला जातो. त्यामुळे दक्ष उपकरण आणि संयमित वापर हे दोन्ही एकत्र आले, तरच वीजबिलाचा आकडा खाली येतो.

ब्राझीलचा अनुभव

तात्पुरत्या निर्बंधातून टिकाऊ सवय निर्माण होऊ शकते का, या प्रश्नाचे उत्तर ब्राझीलमध्ये मिळते. जलविद्युतवर मोठ्या प्रमाणावर अवलंबून असलेल्या या देशात २००१ मध्ये अवर्षणामुळे धरणे आटली. जून २००१ ते फेब्रुवारी २००२ या काळात तेथील मोठ्या भागातील घरांना आदल्या वर्षीच्या तुलनेत २० टक्के वापर कमी करण्याचे बंधन घालण्यात आले. मर्यादा ओलांडणाऱ्यांना दंड होता, तर अधिक बचत करणाऱ्यांना सवलत होती.

नऊ महिन्यांनी निर्बंध उठले. मात्र घरांचा वापर पूर्वीच्या पातळीवर परतला नाही. त्या काळातील बचतीपैकी जवळपास निम्मी बचत दहा वर्षांनंतरही टिकून असल्याचे अर्थशास्त्रज्ञांना आढळले. नऊ महिन्यांत कुटुंबांनी कोणते उपकरण किती वीज खाते हे जाणून घेतले होते आणि बदललेली दिनचर्या त्यांच्या अंगवळणी पडली होती. एका तासाच्या अंधारात असा बदल घडण्यास अवधीच नसतो. शिवाय ब्राझीलमध्ये प्रत्येक कुटुंबापुढे स्वतःच्या वापराचा एक निश्चित आकडा होता.

ज्यांच्या घरी अंधार होता

या चर्चेला सामाजिक बाजूही आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘सौभाग्य’ योजनेतून मार्च २०२२ पर्यंत २ कोटी ८६ लाख घरांना वीजजोडणी मिळाल्याचे सरकारने जाहीर केले. म्हणजेच देशात अर्थ अवर साजरा होऊ लागला, तेव्हा कोट्यवधी कुटुंबांसाठी अंधार हे प्रतीक नव्हते, तर रोजचे वास्तव होते. ग्रामीण महाराष्ट्रानेही त्या दशकात दीर्घ भारनियमन सोसले आहे.

आजही दोन दिवे, एक पंखा आणि एक टीव्ही एवढ्यावर भागवणाऱ्या घराला काटकसरीचा उपदेश करण्यात अर्थ नाही. बचतीची खरी संधी आणि जबाबदारी वातानुकूलन, गीझर आणि दोन-दोन फ्रीज असलेल्या घरांकडे अधिक आहे. ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी २५० गिगावॉट या तोपर्यंतच्या विक्रमी पातळीवर पोहोचली होती. कडक उन्हाळ्यात वाढणाऱ्या या मागणीमागे थंडाव्यासाठी लागणारी वीज हे एक प्रमुख कारण आहे. अशा दिवसांत संपन्न घरात वाचलेल्या विजेमुळे यंत्रणेवरील ताण हलका होतो आणि तिचा फायदा अन्य ग्राहकांनाही होतो.

प्रतीकाचे स्थान

याचा अर्थ प्रतीके निरुपयोगी असतात, असा नाही. १९६५ मध्ये अन्नटंचाईच्या काळात तत्कालीन पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले होते. अनेक उपाहारगृहे सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. धान्याचा प्रश्न त्या उपवासाने सुटला नाही. त्यासाठी अधिक उत्पन्न देणारे गव्हाचे वाण, खते आणि सिंचन यांची जोड लागली. मात्र टंचाई ही सर्वांची बाब आहे, ही जाणीव त्या आवाहनाने दिली, आणि दर आठवड्याला पुनरावृत्ती होत असल्याने ती एका संध्याकाळपुरती उरली नाही.

अर्थ अवरच्या तासाचाही असा उपयोग करता येईल. दिवे मालवल्यानंतर घरातील वीजमीटरवरचा छोटा लाल दिवा पाहावा. तो लुकलुकत असल्यास घरात अद्याप वीज खर्च होत आहे, असा त्याचा अर्थ होतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकतो, हे बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर छापलेले असते. उदाहरणार्थ, मीटरवर ३,२०० हा आकडा असेल आणि दिवा मिनिटाला आठ वेळा लुकलुकत असेल, तर सर्व दिवे बंद असतानाही त्या घरात १५० वॉट वीज वापरली जात आहे. मग एकेक बटण बंद करत गेल्यास ती नेमकी कोठे जाते, हे कोणालाही शोधता येते.

त्यानंतर दरमहा ठरावीक तारखेला मीटरची नोंद करून तिची तुलना गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करावी. ऋतुमानानुसार वापर बदलत असल्याने लगतच्या महिन्याशी केलेली तुलना फसवी ठरते. बहुतेक राज्यांत वापर वाढेल तसा वरच्या टप्प्यातील युनिटचा दरही वाढतो, त्यामुळे वाचलेले युनिट हे सहसा सर्वात महाग युनिट असते. मार्चमधील त्या रात्री किती दिवे मालवले गेले, यापेक्षा एप्रिल, मे आणि जूनच्या बिलांवर किती युनिट कमी झाले, यावरून त्या तासाचे यश अधिक नेमकेपणाने ठरेल.